मद्रासचा शेवटचा केर

माळ्यावरचा डबा दादानं खाली ओढला आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर गंजाचा लांबलचक ओरखडा उमटला. वहिनीनं कपाळाला हात लावला. मी जिन्यातच थांबले. गोड्या तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, तोंडावर मेणकापड, त्यावर काथ्याची दोरी आणि दोरीला आप्पांची गाठ. आप्पांनी मारलेली गाठ घरात कुणालाच सुटत नसे, खुद्द त्यांनाही नाही. शेवटी ते कात्रीच मागायचे.

"हेच ते?" वहिनीनं विचारलं. ती या घरात आली तेव्हा आमचं मद्रास संपलेलं होतं.

"हेच. आमच्या दुकानाचा शेवटचा केर," दादा म्हणाला.

केर कुणी डब्यात भरून, बांधून, इतकी वर्षं जपून ठेवतं का, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही गलाईवाले. आप्पा मद्रासच्या साहुकारपेठेत सोनं-चांदी गाळायचे. सोनारांकडून मोडीचे दागिने यायचे, आप्पा ते मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचे. या कामात कण उडतात. फरशीवर पडतात, कपड्यांत, केसांत, टाचेच्या भेगांत जाऊन बसतात. म्हणून गलाईवाल्याच्या घरातला केर कधी रस्त्यावर जात नाही. तो साठवायचा आणि पुरेसा झाला की झारेकऱ्याकडं न्यायचा. झारेकरी तो जाळतो, चाळतो, पाण्यात धुतो आणि हरवलेले कण गोळा करून परत देतो. लहानपणी मला ही जगातली सगळ्यात मोठी जादू वाटायची. अजूनही वाटते.

त्यामुळं आमच्या घरात पायांचे दोन नियम होते. बाहेर जाताना दाराजवळच्या घंगाळात पाय धुवायचे, म्हणजे सोनं बाहेर जायचं नाही. ते पाणीसुद्धा ओतायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. आणि बाहेरून आलं की आधी अंगणातल्या नळाखाली पाय धुवायचे, म्हणजे रस्त्याची माती आत यायची नाही. त्यातही वाळू तर अजिबात नको. "केरात वाळू आली म्हंजी झारेकरी शिव्या घालतोय," असं आप्पा म्हणायचे. शाळेत जाताना आणि शाळेतून येताना आमचे पाय असे धुतले जायचे की वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुमच्याकडं रोजच पूजा असते का?

"घर आवरून होतंय तोवर हे रशीदचाचांकडं देऊन टाकतो," दादा म्हणाला. रशीदचाचा म्हणजे गुजरी या सराफपेठेच्या मागच्या बोळातले झारेकरी. कोल्हापूरच्या निम्म्या सोनारांचा केर त्यांच्या अंगणात जातो.

मी नको म्हणाले. आप्पांनीच कधी दिला नव्हता. रशीदचाचांनी दोन-तीनदा विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "राहू दे, अजून पिकतंय." केर काय आंबा आहे पिकायला? पण आप्पांना उलट विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. आता आप्पा नाहीत. दुकान नाही, ते घर नाही, आमची गल्ली आता चेन्नई नावाच्या शहरात आहे. त्या सगळ्यातलं उरलेलं एवढंच, या डब्यात. एकदा जाळलं की संपलं. मी हे सगळं दादाला बोलून दाखवलं.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. तिथूनच म्हणाली, "न्या की. पर मीबी येणार."

आई हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही.

आईची एक गोष्ट सांगायला हवी. ती मद्रासमध्ये इतकी वर्षं राहिली, पण तिनं समुद्र पाहिला नाही. कुणाला खरं वाटत नाही. समुद्र काही लांब नव्हता. रविवारी आप्पा आम्हाला बसनं न्यायचे, गप्पा रंगायच्या आत आम्ही पोचायचो. पण दुकानात लोकांचं सोनं असायचं, आणि तिजोरीला कितीही कुलपं लावली तरी घर रिकामं सोडायचं नाही हा गलाईवाल्यांचा दंडक. आप्पा बाहेर तर आई घरात, आई बाजारात तर आप्पा घरात. शेजारणी तिला बोलवायच्या, चला आमच्याबरोबर. तिचं एकच, "जायचं तर ह्यांच्यासंगट." आणि दोघांनी एकदम बाहेर पडायचं नाही. झालं, तिढा कायमचा.

इकडं आल्यावर तरी? दादानं किती वेळा म्हटलं, गणपतीपुळ्याला जाऊ, मालवणला जाऊ, गाडी दारात आहे. "आता कशाला?" एवढंच तिचं उत्तर. आप्पा होते तेव्हाही तसंच. समुद्राचा विषय निघाला की आप्पा पेपर उघडून तोंडासमोर धरायचे आणि आई उठून आत जायची. दोघांच्यात काय अडलंय ते आम्हाला कधी कळलं नाही.

रशीदचाचांच्या अंगणात दादानं कात्रीनं गाठ कापली. चाचांनी केर लोखंडी कढईत ओतला, खालून जाळ लावला, आणि पहिला धूर वर आला.

मला वाटलं होतं, जुन्या मातीचा वास येईल. आली ती साहुकारपेठेची सकाळ. आधी काथ्या जळल्याचा, मग केसांचा, मग त्यातून ऊद, कॉफी आणि वाळून कोळ झालेला मोगरा. मी बाकड्यावर बसले. पाय आपोआप पोटाशी घेतले, मद्रासच्या घरी जिन्याच्या पायरीवर बसायची तशी.

त्या पायरीवरून मी सगळं जग बघितलं. पहाटे बंदरातल्या बोटीचा भोंगा व्हायचा, आणि तो वाजला की गल्लीतल्या बायका दार उघडून उंबऱ्यासमोर पाणी मारायच्या. मग तांदळाच्या पिठाची रांगोळी, ठिपके आधी, रेघ नंतर, हात एकदाही न उचलता. आई आमच्या दारात तुळशीपुढची गारगोटीच्या पुडीची रांगोळी काढायची, गोपद्मं आणि स्वस्तिक. कोपऱ्यावरची तेलुगू आजी रोज येऊन ती बघायची आणि रोज मान डोलवायची. एका वर्षानंतर आईच्या गोपद्मांना तिच्यासारखी वेल फुटली, आणि आजीच्या दारात गाईची पावलं उमटली. दोघींना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही.

भाषा तरी किती! समोर मारवाडी, वरच्या मजल्यावर गुजराती, कोपऱ्यावर तेलुगू, दुधवाला तमिळ, अत्तरवाला मण्णडी मोहल्ल्यातला, त्याची उर्दू वेगळीच. एका पाण्याच्या भांडणात मी चार भाषा ऐकल्या आहेत आणि शेवटी आई कोल्हापुरी आवाजात "गप बसा की ओ समदी!" म्हणाली तेव्हा सगळे खरंच गप्प बसले. ते वाक्य कुणाला कळलं नसेल, आवाज मात्र सगळ्यांना कळला.

आप्पांबरोबर सोनाराकडं माल पोचवायला गेलं की गल्ल्या बदलायच्या आणि शहर बदलायचं. फूलबाजारात मोगऱ्याचे ढीग, त्यावर पाण्याचे सपकारे, आणि सगळा रस्ता ओला, पायाखाली चुरगळलेली पाकळी. मण्णडीत अत्तर आणि बिर्याणीचा दम. रायपुरमला फ्रॉक घातलेल्या म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बायका खिडकीत बसून पियानो ऐकायच्या, आणि दोन वळणं पुढं कासीमेडूला काळीभोर कोळी माणसं रंगीत होड्या वाळूवर ओढायची. बंदराजवळ बर्माहून परत आलेली माणसं मोठ्या तव्यावर अंडं फोडून शेवया परतायची. आप्पा शाकाहारी, पण तिथं थांबून नुसता वास घ्यायचे. एवढी माणसं एवढ्या तऱ्हांनी जगतात आणि सगळ्यांवर एकच ऊन पडतं, हे मला तेव्हा फार मोठं वाटायचं. ते ऊनही तसलं, पांढरंशुभ्र, सकाळी आठलाच डोळे मिटायला लावणारं. कोल्हापूरच्या उन्हात मला अजून काहीतरी कमी वाटतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तिथं उजाडायच्या आत लोक घरातलं जुनंपुराणं रस्त्यात आणून जाळतात. पोरं लहान ढोल वाजवत शेकोट्यांभोवती नाचतात. चटया, झाडू, पायपुसणी, सगळं आगीत. आम्ही नाचायचो आणि आप्पा दारात उभे राहून तळमळायचे. "अरे, राख तरी बघून टाका!" राख न बघता फेकणं त्यांना सोसायचं नाही. आमचंही पायपुसणं त्याच आठवड्यात जळायचं, पण आत, कढईत, आणि त्याची राख डब्यात जायची. सगळ्या गल्लीचा सण बाहेर आणि आमचा घरात.

समुद्र आईपर्यंत यायचा तो वाऱ्यातून. दुपारी ऊन अगदी असह्य झालं की अचानक पूर्वेकडून झुळूक यायची. दुधवाला त्याला 'कडल कात्तु' म्हणायचा, समुद्राचं वारं. आई तेव्हा गच्चीवर असायची. वाळत घातलेले पापड उचलायचं निमित्त, कारण त्या वाऱ्यानं पापड सर्दायचे. पण पापड उचलून झाल्यावरही ती तिथंच उभी असायची, पूर्वेकडं तोंड करून, पदर वाऱ्यावर. तिकडं दिसायच्या फक्त गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि एका चर्चचं टोक. "त्यातनं सूर्य उगवतोय म्हंत्यात ना?" ती विचारायची. तिच्या माहेरी, गारगोटी गावाकडं, समुद्र म्हणजे घाटाखाली, मावळतीला, जिथं सूर्य बुडतो तो. उगवतीचा समुद्र ही तिच्या लेखी देवाची उलटी करणी होती.

रविवारी आम्ही मरीनाच्या किनाऱ्यावरून परत आलो की नळाखाली पाय घासताना ती शेजारी उभी राहायची आणि विचारायची, "कसं लागतंय?"

काय सांगणार? आम्ही सांगायचो की पाणी येतं तेव्हा गार लागतं, आणि जाताना तळव्याखालची वाळू ओढून नेतं, मग आपण उभे असून चालल्यासारखं वाटतं. दादा म्हणायचा, गुदगुल्या होतात. ती हसायची आणि म्हणायची, "घासा नीट. एक कण आत यायला नगं." वाळू नळाच्या पाण्याबरोबर मोरीत जायची, आणि आई त्या मोरीकडं बघत राहायची.

आम्ही मद्रास का सोडलं ते आता कुणी बोलत नाही आणि मलाही काढावंसं वाटत नाही. ट्रक आला होता एवढं आठवतं. निघायच्या सकाळी आम्हा दोघांना समोरच्या मारवाडी काकूंनी शिरा खायला नेलं होतं. परत आलो तेव्हा दुकान रिकामं, फरशी लख्ख झाडलेली, डबा बांधून तयार, आणि आई-आप्पा दोन टोकांना पाठमोरे. ट्रकमध्ये आई मागं बसली, आप्पा पुढं. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत मी नाक बाहेर काढून बसले होते.

"वैनी, ह्यात मातीपरीस वाळूच जास्ती हाय की!"

आईला हाक मारणारा रशीदचाचांचा आवाज आला तेव्हा मी भानावर आले. केर जळून, चाळून झाला होता. चाचांनी तो लांबट लाकडी डोणीत घालून वर पाणी सोडलं होतं आणि डोण हलवत होते. राख वरून वाहून गेली होती. खाली राहिली होती ती वाळू. चांगली ओंजळी-ओंजळींनी मोजावी इतकी, पिवळसर, मध्येच शिंपल्याचा चुरा. जाळानं थोडी काळवंडली होती, पण समुद्राचीच.

दादा खजील झाला. गलाईवाल्याच्या केरात इतकी वाळू म्हणजे अब्रूच गेली. "आमच्या घरात असं कधी झालं न्हाई चाचा," तो म्हणाला. "कुणीतरी डबा बदलला असंल."

"डबा त्योच हाय," आई म्हणाली.

ती डोणीकडं बघत होती. मग सावकाश, आमच्याकडं न बघता, तिनं सांगितलं.

"त्या दिशी तुमचं आप्पा मला म्हनालं, आता दुकानात सोनं न्हाई, कुलूप लावू आन् जाऊ दोघं. बघून येऊ. मी म्हनाले, ट्रकवाला खोळंबलाय, भांडी बांधायची हायत, डोकं फिरलंय का तुमचं? तर एकटंच गेलं. आलं ते पंच्यात वाळू बांधून. वली, पानी गळतंय. दुकानाच्या मधोमध पंचा सोडला आन् फरशीवर पसरली समदी. मला म्हनालं, ये, पाय ठेव."

चाचांचे हात डोणीवर थांबले होते.

"मी झाडू घेतला. जायच्या टायमाला घान करताय व्हय, म्हनाले. आन् झाडून काढली समदी. झाडलेलं टाकायचं न्हाई ह्यो आपला नेम, म्हनून डब्यात भरली. त्येंनी काथ्या घेतला. डबा बांधला, बास."

आमच्या गलाईवाल्यांच्या हातांना एवढंच येतं, पडलेलं झाडायचं आणि झाडलेलं साठवायचं. आप्पांनी तिच्यासाठी समुद्र दुकानात आणला होता आणि तिनं तो केरात भरला. आणि मग दोघांनी मिळून तो कोल्हापूरपर्यंत आणला, माळ्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता त्याच्याखाली संसार केला. मला रडू आलं, पण त्याहून जास्त मी थक्क झाले होते. माझे आप्पा, वाळूच्या एका कणासाठी आमच्या टाचा घासायला लावणारे, भर उजेडात मद्रासच्या रस्त्यानं गळता पंचा घेऊन चालत आले होते.

"चाचा, ही वाळू फेकायची न्हाई," दादा म्हणाला.

"कोन फेकतंय?" चाचांनी बाजूच्या वाटीत तळाचा बारीक चमकता कण तेवढा काढून घेतला आणि वाटी सरकवून ठेवली. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही. मग त्यांनी डोणीत नवं पाणी सोडलं, स्वच्छ, आणि डोण ओढून आईच्या बाकड्यासमोर आणली. "या वैनी."

आईनं चपला काढल्या. नऊवारीचा काठ थोडा वर घेतला. मी तिला धरायला म्हणून शेजारी बसू लागले तर ती म्हणाली, "तितं नगं गं. ह्या अंगाला बस."

मी उठून दुसऱ्या बाजूला बसले. तिच्या उजव्या हाताची जागा रिकामी राहिली. एका माणसाची.

तिनं पाय आत ठेवले. बोटं आधी आखडली, मग हळूहळू वाळूत रुतली. अंगणावर दुपारचं ऊन आलं होतं आणि पाण्याचे कवडसे तिच्या साडीवर हलत होते. रशीदचाचांनी डोणीच्या दोन्ही कडा धरल्या आणि आयुष्यभर सोनं शोधण्यासाठी हलवली तशीच, पण फार हळू, डोण हलवायला लागले. पाणी तिच्या पायांवर आलं. मग मागं गेलं, आणि जाताना तळव्याखालची वाळू ओढत घेऊन गेलं. परत आलं. परत गेलं.

"कसं लागतंय, आई?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मान उजवीकडं वळवली, त्या रिकाम्या जागेकडं, आणि म्हणाली, "गुदगुल्या हुत्यात की ओ."